अंबाड्यातला आकडा

अहो,

तुम्हाला नमस्कार, सासूबाईंनाही. मी ठणठणीत आहे, एक गुडघा सोडून. गोळ्या घेताय ना? खोटं लिहू नका, आल्यावर डबी बघेन.

आता ऐका. लेकीचं जमलं! ती प्रथिनाची इवलीशी साखळी बनवते आणि ती कशी दुमडते ते शोधते. उजेडाच्या मशीनवर वळण असावं असं दिसत होतं, पण तिच्या मॅडम म्हणाल्या, "तेवढ्यानं भागत नाही. स्फटिक करून दाखव, नाहीतर विषय सोड." तीन वर्षांचं काम हो! पोरगी धड जेवतही नव्हती, हे मुद्दामच कळवलं नव्हतं.

परवा तिनं लॅबमध्ये बोलावलं. "आई, स्फटिक आला, बघ!" मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. म्हटलं, "अगंबाई, काळा आहे की! आणि हलतोय!"

"आई, त्या तुझ्याच पापण्या आहेत."

मॅडमसुद्धा खो खो हसल्या. मग खरा दिसला, खडीसाखरेच्या कणासारखा लखलखीत.

आज त्याच्यावर एक्स-रे सोडून साखळीचा आकार काढला. पडद्यावर बघते तर मधोमध वळून माघारी आलेली. मी अंबाड्यातला आकडा उपसला. "असा?"

"अगदी असाच!" म्हणाली आणि गळ्यात पडून रडली वेडी. आकडा मॅडमनी मागून घेतला, उद्या सगळ्यांना दाखवणार म्हणे.

आरशाखालच्या डबीत दुसरा आहे, काढून ठेवा. तुम्ही बजावलं होतंत ना, नाही जमलं तर तिला घेऊनच ये? मी एकटीच येतेय.

अंबाड्यात पेन्सिल खोचलेली,
तुमचीच