लाथेची गाठ

१४ मार्च १९६१, मुरबाड

आज दवाखान्यात पुन्हा रखमी! कपाळ फुटलेलं. भात करपला म्हणून नवऱ्याने, मंगळ्याने चुलीतलं लाकूड डोक्यात घातलं. मी टाके घालत होते तर हूं नाही की चूं नाही. मग पडद्याआड पदर सारून म्हणाली, "नर्सबाय, न्हाताना हाताला कायतरी लागतं. डाव्या अंगाला. बघ ना."

सुपारीएवढी गाठ. दगडासारखी, हलत नाही. दुखतही नाही — म्हणून जास्तच भीती. डॉक्टरांना हात लावू देईना. मी जाऊन सांगितलं तसे म्हणाले, "मुंबईला पाठवा. लगेच."

तिला वाटतं, शिमग्याला नवऱ्याने छातीत लाथ घातली, तिचीच ही गाठ. म्हटलं, माराने अशी गाठ येत नाही गं, हा आजार आहे. वेळेवर काढली तर वाचशील.

तिने माझं मनगट गच्च धरलं. "त्याला आजाराचं नको सांगू गो बाय. लाथंचीच हाय म्हन. भ्याला तर हात तरी नाय उचलायचा."

सतराला पट्टी बदलायला ये, एवढंच म्हटलं.

१७ मार्च

आली नाही.

१९ मार्च

तिच्या पाड्यावर गेले. सासूने विळा लाल करून गाठीवर डाग दिलेला! मंगळ्याने हात धरून ठेवले होते म्हणे. झोपडीभर जळक्या कातडीचा वास. रखमीने ओठ चावून रक्त काढलेलं.

माझं डोकंच फिरलं. विळा अंगणात भिरकावला. मंगळ्याच्या कानाखाली वाजवली — जन्मात पहिल्यांदा कुणावर हात टाकला! ओरडले, "तुझ्या लाथेची गाठ आहे ती! मुंबईला नेली नाहीस तर खुनी ठरशील. फौजदाराला मीच सांगेन!"

धडधडीत खोटं. तो मटकन खाली बसला.

हात अजून चुरचुरतोय. वाईट वाटत नाही, याचंच वाईट वाटतंय.

२१ मार्च

दोघं कल्याणच्या एस.टी.त बसली. गाठोडं त्याच्या डोक्यावर!

२ मे

रखमी परत आली. जिवंत! डावी बाजू सपाट. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. हात सुटावा म्हणून भिंतीवर बोटं चढवायला शिकवलं. मंगळ्या पाणी भरतो म्हणाली. पण पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायला जायचंय. तिथे त्याला कुणी खरं सांगितलं तर?

१८ जून

मंगळ्याच्या मोडलेल्या हाताला फळी बांधली. मुंबईच्या डॉक्टरने खरं सांगितलं. घरी पोचताच याने हात उचलला. रखमीने मुसळ दाराशीच ठेवलं होतं.

"उजवा हात धड हाय ना माझा, बाय."