मी तोंड फिरवले नाही. मान फिरते, त्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
सुबोधिनी विद्याप्रसारक संस्था,
आर्वी, जि. वर्धा

विषय : दि. ९/२/१९९८ च्या चौकशीत मला गैरहजर न धरता पुन्हा सुनावणी मिळणेबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. १९/१/१९९८.

महोदय,

मी, सौ. इला श्रीधर पाचखेडे, आपल्या तळेगाव (श्यामजी पंत) येथील शाळेत अकरा वर्षांपासून विज्ञान शिकविते. सोमवारच्या चौकशीत माझ्या नावापुढे "गैरहजर, सबब आरोप मान्य" असा शेरा पडल्याचे समजले. मी गैरहजर नव्हते. काय घडले ते लाज बाजूला ठेवून लिहीत आहे.

१. दि. १२ जानेवारीस संस्थेचे तपासनीस मा. वासुदेवराव आठवीच्या वर्गावर आले. त्यांनी पटसंख्या विचारली आणि माझी मान डावीकडे गेली. उत्तर मी खिडकीकडे पाहून दिले. "बाई, मी इकडे उभा आहे," ते म्हणाले. मी हनुवटीला दोन बोटे लावून मान सरळ केली. वर्ग हसला. नोटिशीत तीन आरोप आहेत: वरिष्ठांपुढे तोंड फिरविले, हनुवटीला बोटे लावून थट्टा केली, आणि डावीकडे उभ्या असलेल्या शिपायाकडे सतत पाहिले. ते शिपाई नत्थूजी माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. त्या दिवसापासून ते माझ्यासमोर यायचे टाळतात. तिसरा आरोप मी घरी अद्याप वाचून दाखविलेला नाही.

२. हा आजार मला शहाण्णवच्या दिवाळीनंतर सुरू झाला. उजव्या कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत एक तिरका स्नायू असतो. तो आखडला की चेहरा डावीकडे वळतो. माझा तो आपोआप आखडतो. माझ्या सासूबाई देवकाबाई "हिले बाहेरचं लागलं" म्हणाल्या. एका हाड बसविणाऱ्याने मानेला असा झटका दिला की आठ दिवस उजवा हात वर होईना. माझे पती तर महिनाभर बोलले नाहीत. शेवटी एकदा जेवताना म्हणाले, "मी बोलून राह्यलो अन् तू तिकडं पाह्यते. एवढा का मी नकोसा झालो तुले?" मला रडताना देखील त्यांच्याकडे तोंड करता आले नाही.

३. गेल्या जूनपासून मी सेवाग्रामला फिजिओथेरपीसाठी जाते. तेथील मीराताईंनी एकदा माझ्यासोबत आलेल्या श्री. श्रीधर यांची बोटे माझ्या मानेवर ठेवली व मला उजवीकडे, त्यांच्याकडे पाहायला सांगितले. मी सगळा जोर लावला. बोटांखाली तो स्नायू दोरासारखा ताठला आणि मान उलट दिशेला गेली. मीराताई म्हणाल्या, "मेंदूतून मानेला चुकीचा हुकूम जाऊन राह्यला. ह्या मनानं करत नाईत हे." परतीच्या एस.टी.त ते उठून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले. हनुवटीला बोट टेकविल्याने मान तात्पुरती सरळ होते, हेही मीराताईंनीच दाखविले. ती थट्टा नव्हे, माझा उपचार आहे.

४. रोज आरशासमोर व्यायाम करून डिसेंबरात मी चाळीस अंक मोजेपर्यंत मान सरळ धरीत होते. नोटीस हाती पडली त्या दिवशी नऊ. भीतीने हा आजार वाढतो, आणि आजार वाढताना दिसला की मला अधिक भीती वाटते.

५. सोमवारी मी साडेनऊपासून आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर होते. अकरा वाजता आपला शिपाई म्हणाला, "मॅडम, चाला, साहेब बोलावून राह्यले." मी उठले. हनुवटी खांद्याला टेकली ती हलेना. एक बोट लावले, दोन लावली, दोन्ही हातांनी ढकलली. आत पाच जण बसलेले आडवे दिसत होते. आता हे सर्व म्हणतील, बघा, आमच्यासमोरही तोंड फिरविले, एवढेच मनात आले. मी पदर डोक्यावरून ओढून बसस्थानकापर्यंत अक्षरशः पळाले.

६. मंगळवारी आठवीत स्नायूंचा धडा होता. मी नेहमीप्रमाणे फळ्यावर लिहिले : ऐच्छिक स्नायू, आपल्या इच्छेने हालतात. उदाहरणे, हात, पाय, मान. सपना नावाच्या मुलीने उभे राहून विचारले, "मॅडम, मानेचे पण?" तिचा हेतू वाईट नव्हता. मी तिला खाली बसायला सांगितले व तास संपेपर्यंत पाठमोरीच उभी राहिले. उद्या हात, परवा जीभ माझे ऐकेनाशी झाली तर काय, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

तरी पुन्हा सुनावणी द्यावी. बोलताना हनुवटीला बोटे लावू द्यावीत. त्यानेही भागले नाही तर समितीने कृपया माझ्या डावीकडे बसावे. ही मागणी विचित्र आहे याची मला जाणीव आहे. समितीतील मा. आनंदाबाईंनी माझ्या मानेवर हात ठेवून स्वतः पाहावे. मीराताईंनी लेखी दाखला दिला आहे. तो सोबत आहे.

आपण बोलवाल त्या दिवशी मी पहिल्या गाडीने येईन. श्री. श्रीधर यांना दारापर्यंत सोबत येऊ द्यावे. एकटी आले तर मी पुन्हा पळून जाईन.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत, आपली विनम्र,

(सौ. इला श्रीधर पाचखेडे)
सहायक शिक्षिका
तळेगाव (श्यामजी पंत), दि. ११/२/१९९८

सोबत :
१. फिजिओथेरपीचा दाखला
२. व्यायामाचा तक्ता, जून ते जानेवारी