कम्प्युटर म्हणतो, लेथ रिकामे

२ फेब्रुवारी १९८७, सोमवार
कॉलेजात कम्प्युटर आला. वर्कशॉपच्या तिन्ही लेथ मशीनचं बुकिंग त्यावर करायचं काम प्रिन्सिपॉल साहेबांनी मला दिलं. दुसरं कोणी तयार नव्हतं, असं जळणारे म्हणतात. महिनाअखेर पाहणीला कमिटी येणार. वर्कशॉप सुपरिंटेंडंटची पोस्ट आता माझीच.

४ फेब्रुवारी
नोटीस लावली: बुकिंगशिवाय लेथला हात लावू नये. अटेंडंट लहानू म्हणे, साहेब, कोन्या पोराले कधी मशीन पाहिजे, मले तोंडपाठ हाय, त्या डब्ब्याले काहून तरास देऊन राहिले? अडाणी माणूस, काय बोलणार!

९ फेब्रुवारी
कम्प्युटर एसी खोलीत, म्हणून बूट बाहेर काढायचे. नियम माझा. वर्कशॉपात बूट कम्पलसरी. तोही माझाच. पोरं कुरकुरतात. शिस्त लागेल हळूहळू.
पहिलं बुकिंग टाइप करत होतो, लाइट गेली. बुकिंगही गेलं.

११ फेब्रुवारी
खोलीबाहेरून माझे नवे बूट चोरीला. घरी अनवाणी. प्रेमिलानं विचारलं, काहो, बूट बुक करून ठेवले नव्हते का? बायकोला टेक्नॉलॉजी सांगण्यात अर्थ नाही.

२३ फेब्रुवारी
बुकिंग एकही नाही, म्हणजे भांडणही एकही नाही. सिस्टिम यशस्वी! खाली मशीनची घरघर ऐकू येते खरी. लहानू म्हणे, पोरं तं दिवसभर काम करून राहिले ना साहेब. मी बजावलं, कम्प्युटरमध्ये नाही ते झालंच नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
कमिटीला प्रिंटआउट दिला. तिन्ही लेथ, वापर शून्य तास. अध्यक्षांनी विचारलं, नक्की? मी छाती ठोकून सांगितलं, कम्प्युटर खोटं बोलत नाही. प्रिन्सिपॉल साहेबांना फार खोकला झालाय.

९ मार्च
ऑर्डर आली. तिन्ही लेथ विनावापर पडून, सबब कळमेश्वरच्या ट्रेनिंग सेंटरला पाठवावेत. मशीनच नाहीत तर सुपरिंटेंडंट कशाला, म्हणून पोस्ट रद्द. मशीनची माहिती असलेला माणूस सोबत हवा, म्हणून लहानू चालला. बढतीवर!

१२ मार्च
ट्रक गेला. पोरं लहानूच्या पाया पडली. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. फार वाईट वाटलं.
कम्प्युटर उघडला. लेथचा वापर शून्य तास. आता आकडा अगदी बरोबर येतो.