जगदेवले एक 'ये' पाठव

मुक्काम हैदराबाद
माघ महिना, सन १९४३

सौ. गोजरास शालिग्रामचे भरभरून आशीर्वाद. मी अन् जगदेव खुशाल आहो. रिठदले तुमी सारे बरे असान. कपिली गाय व्याली का?

आता तुया पोराचं. विमानाच्या शाळेतल्या डाक्तरनं त्याचे डोळे, कान, छाती, सारं तपासलं. ज्वारीच्या माळ्यावरून पाखरं हेरणारे डोळे ते, एका झटक्यात पास झाले!

विमान कसं शिकवतात, ते मी कुंपणाबाहेरून पाहून राह्यलो. आपण नव्या गोऱ्ह्याले जुन्या बैलासंगं जुंपतो ना, तसंच. विमानात दोन जागा, दोन दांडे. एक उस्तादाच्या हाती, एक पोराच्या. पोरगं चुकलं तं उस्ताद सावरते. गोऱ्हा रुळला का जुना बैल सोडतात, मंग पोरगं एकटंच उडते.

काल एक विमान जरा वाकडं उतरलं. पण आतलं पोरगं हासतच बाहेर आलं. हे तुले लिहाचं नव्हतं, लिहून बसलो.

पुनवेनंतर जगदेव एकटा उडणार आहे. उस्ताद म्हणते, "फिकर मत करो, लडका पक्का है." मलेही भरोसा आहे. पण पोरगं मले म्हणे, "बाबा, निघताना मी 'येतो' म्हटलं, तं माय चुलीकडं तोंड करून बसली. 'ये' म्हटलंच नाई."

राग राहू दे मनात. गुरुजीकडून कार्डावर तेवढा एक शब्द लिहून घे अन् लगेच टपालात टाक. कार्ड खिशात घालूनच विमानात बसीन म्हणते तो.

मले 'ये' म्हटलं होतं तू. पाह्य, मी कसा धडधाकट आहो!

तुया,
शालिग्राम