डाव्या हातासाठी लाल

दि. ४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लिहायला बसण्याआधी पाणी पिऊन आले, तरी डोकं थंड होत नाही. आपल्या दादाने काय केलं ते ऐक.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून आईच्या लेखी तिची डावी बाजूच नाहीशी झाली आहे, हे तुला ठाऊक आहे. बोलणं अजून खणखणीत. पण ताटातलं डावीकडचं तसंच राहतं, केस अर्धेच विंचरते. परवा उजव्या हाताला स्वतःचाच डावा हात लागला, तर मला म्हणाली की हा कुणाचा हात माझ्या मांडीवर टाकलाय, उचल आधी. डोळे शाबूत आहेत, फक्त मेंदू तिकडे बघायचं विसरला आहे, असं फिजिओबाई सांगतात. डाव्या नखांना भडक काहीतरी लावा, नजर ओढली जाईल, हेही त्यांनीच सुचवलं. म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून लाल नेलपॉलिश आणून लावलं.

रविवारी दादा आला. मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्याने आईची देखभाल करायला ठेवलेल्या मावशींकडून सगळं पुसून घेतलं. वर मलाच सुनावलं की गळ्यात शिट्टी अडकवून जन्मभर पोरांना मैदानात पळवणाऱ्या बाईची तू बाहुली केलीस. मी शिवणयंत्र तिच्या पलंगाशी आणून बसले आहे, आणि हा आठवड्यातून एकदा उगवून मला आईची अब्रू शिकवणार.

तुझ्या काउंटरवर रंगांना तोटा नाही. माझ्या लालाला चमक नव्हती. चमचमणारे लाल दोन-चार पाठव. तब्येतीला जप, आणि रागवायचंच तर माझ्या बाजूने रागव.

तुझी,
ताई


दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यावर बसून वाचलं आणि तिथूनच दादाला फोन लावला. विचारलं की फिजिओबाईंचं शिक्षण जास्त की तुझं. तो म्हणाला, लांब बसून अक्कल पाजळणं सोपं असतं.  फोन ठेवल्यावर गिऱ्हाइकाला भलत्याच रंगाची लिपस्टिक दिली.

सोबत चार बाटल्या आहेत. बाटलीत सख्ख्या बहिणी वाटतील, फसू नकोस. आमच्या दिव्याखाली तर मलाही ओळखू येत नाहीत. उजेडात मात्र एकीत सोनेरी चकाकी आहे, म्हणून तो लाल नारंगीकडे झुकतो. दुसरीत गुलाबी चकाकी आहे, ती लांबून दिसतच नाही. तिसरी विटकरी, जरा रुसल्यासारखी. चौथीत खाली निळसर झाक आहे, त्यामुळे लाल अगदी गडद दिसतो आणि बोट हललं की ठिणगी उडाल्यासारखी चमकतो. माझी निवड चौथी. पण तू खिडकीशी बसून चारही लावून बघ. रंगाचे एकावर एक दोन हात दे, पहिला नीट वाळू दे.

दादापुढे नमतं घेऊ नकोस. आईच्या गालावरून माझ्या नावाने हात फिरव, उजव्या बाजूने म्हणजे तिला कळेल.

तुझीच,
बारकी


दि. १५ फेब्रुवारी

चि. बारकीस,
आशीर्वाद.

फोनवर जास्त बोललो. पण म्हणणं मागे घेत नाही. शाळेच्या संमेलनातसुद्धा आईने कधी नखं रंगवली नाहीत, पोरींनी आग्रह केला तरी. आता तिला पत्ता लागत नाही म्हणून तिच्या अंगावर काहीही करायचं का? तो लाल हात पांघरुणावर पडलेला बघून मला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला. माझ्या आईचा नाही वाटला. तुम्हा दोघींना हे समजत नाही याचा मला संताप येतो.

बाटल्या पोचल्याचं ऐकलं. रविवारी मी स्वतः पुसून टाकणार आहे.

खुशाली कळवत जा. भांडायला तरी फोन कर.

दादा


दि. २० फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी आईला खिडकीशी बसवून तुझे चारही रंग तिच्या चार बोटांना लावले. करंगळीला सोनेरी, मधल्या बोटाला तुझी लाडकी चौथी. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मी हिरमुसले.

रविवारी दादा रंग पुसायचं औषध आणि कापूस खिशात घेऊनच आला. मी दारात अडवलं, आमची चांगलीच जुंपली. तो मला बाजूला सारून आईच्या डावीकडे बसला, तिचा हात हातात घेतला आणि तर्जनी पुसायला लागला. आईची मान हळूहळू वळली. मैदानात ओरडायची त्याच आवाजात म्हणाली की माझा हात सोड.

तू वाचलंस ना? माझा म्हणाली.

दादाने हात सोडला नाही, सोडणं त्याला जमलंच नाही. आईने डोळे बारीक करून एकेक बोट पाहिलं. मग करंगळीकडे बोट दाखवून भडकली, की ही नारंगी कशी, बाकीच्यांशी जुळत नाही, हे गबाळं काम कुणाचं. मी कबूल केलं. म्हणाली, एक तर सगळी सारखी रंगव, नाही तर पूस. मला हसू की रडू कळेना. दादा मात्र सरळ रडला.

त्याचं रडणं तिला मुळीच आवडलं नाही. तिघं मिळून माझ्या हाताचं ठरवता आणि मला विचारायची कुणाला गरज वाटली नाही, असं म्हणून तिने दोघांना झापलं, तुझ्याही नावाने झापलं. जो हात ती आपला मानतच नव्हती त्याबद्दल विचारायचं कसं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिचं खरं होतं.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. दुपारी पुन्हा तो हात विसरली. पण फिजिओबाई म्हणतात, एकदा वळली ती मान पुन्हा वळेल. त्याप्रमाणे रोज थोडी थोडी वळते आहे.

आज दादा कामावरून परस्पर इकडे आला. रविवार सोडून मधेच येणं त्याच्या स्वभावात नाही. तिच्या डावीकडे खुर्ची ओढली, कापूस बाहेर काढला, आणि खाली मान घालून विचारलं की आई, पुसू का. तिने त्याला चांगलं ताटकळत ठेवलं. हात उजेडाकडे करायला मला सांगितलं, उलटसुलट पाहिला, पुन्हा पाहिला. मग म्हणाली, नको.

रजा मिळेल तेव्हा ये. तोवर लोभ आहेच, तो तिकडूनही येऊ दे.

तुझी,
ताई