अखेर दार उघडतं

३ मार्च, सोमवार
जुन्याच कादंबरीवर पुन्हा काढलेल्या नव्या मालिकेचे चार भाग एका बैठकीत. काय तो अंधार! दुसऱ्या ग्रहावर निघालेलं यान, पण दिवा लावायची अक्कल कुणाला नाही. सगळे कुजबुजतात — जणू शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय. कादंबरीतली दार राखणारी म्हातारी इथे पस्तिशीची. सात पिढ्या बंद यानात काढल्या, पण न्हावी उत्तम मिळालेला दिसतो.
संपादक म्हणाले, "जुनी आणि नवी, दोन्हींची तुलना कर. शुक्रवारपर्यंत. आणि तुझं ते वाक्य टाकच!"

४ मार्च
ते वाक्य. बावीस वर्षांपूर्वी जुन्या मालिकेवर लिहिलं होतं — 'अखेर दार उघडतं आणि प्रेक्षकांची सुटका होते.' लोक अजून ऐकवतात.
मालिका लिहिली होती दादाने. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने. पुन्हा एक ओळ लिहिली नाही त्याने. गणित शिकवत निवृत्त झाला. माझ्याशी बोलतो, पण तब्येत आणि हवापाणी. मालिकेचा विषय निघालाच तर एवढंच, "शेवट पाहिलास ना?" मी म्हणतो, "पाहिला की."
पाहिला नव्हता. लेख छापून यायचा शेवटच्या भागानंतरच्या सकाळी, द्यावा लागायचा आदल्या दिवशी. कादंबरी वाचलेली, शेवटी यानाचं दार उघडतं हे ठाऊक. सगळेच समीक्षक असं करायचे.

५ मार्च
वहिनींचा फोन. "भाऊजी, पुन्हा लिहिताय म्हणे? या वेळी जरा बघून लिहा हो."
"दादा काय लहान आहे का, रुसायला?"
"ते नाहीत. तुम्ही आहात."
मी हवापाण्यावर आलो.

६ मार्च
जुनी मालिका आता नेटवर आहे, तेराही भाग. सहा पाहिले. भिंती पुठ्ठ्याच्या, कुणी टेकलं की हलतात. यान चालतं मिक्सरच्या बटणांवर. खलनायकाची दाढी चौथ्या भागात डावीकडून सुटते, पाचव्यात उजवीकडून.
पण माणसं एकमेकांकडे बघून बोलतात. नव्यात सगळे खिडकीबाहेर बघतात. हे लिहायचं नाही — भावाची बाजू घेतली म्हणतील.
उरलेले सात बघायची गरज नाही.

७ मार्च, शुक्रवार
नव्याचा शेवट: दार स्फोटाने उघडतं, तीन कॅमेऱ्यांतून, संथ गतीत. कडीला हात लावला असता तरी उघडलं असतं!
लेख दिला. ते वाक्य पहिल्याच ओळीत. संपादक खूश. रविवारी छापणार.

८ मार्च
वहिनींचं बोलणं डोक्यातून जाईना. सकाळी चहा घेताना जुन्याचा तेरावा भाग लावला.
म्हातारी कडीवर हात ठेवते. मग काढून घेते. स्टूल ओढते, नातीला उचलून दाराच्या काचेपाशी धरते. "आधी बघून घे. मग बोल." पोरीच्या तोंडावर उजेड. संपलं.
दार उघडतच नाही.
पुन्हा लावून पाहिला. नाहीच उघडत!
लेख परत मागितला. संपादक ओरडले, "अरे, पान लागलंय!" म्हटलं, जाहिरात लावा.

९ मार्च
दादाला फोन केला. म्हटलं, "तुझ्यात दार उघडत नाही."
"नाही."
"मी पाहिलं नव्हतं, हे तुला कधी कळलं?"
"पेपर आला त्या सकाळी." मग म्हणाला, "रोज वाटायचं, तू आज सांगशील."