एकेचाळीस गुण परत घेण्याबाबत

प्रति,
मा. संगीत मूल्यमापन अधिकारी,
माध्यमिक शिक्षण कार्यालय.

विषय : माझ्या मुलीचे एकेचाळीस गुण काढून घेऊन दुसऱ्या एका मुलीचे गाणे पुन्हा ऐकण्याबाबत.
संदर्भ : शालेय बँड व वृंदगान प्रगती चाचणी, फेरी पहिली व दुसरी.

महोदय,

१. "मोजत राहा. तुझी मात्रा येईपर्यंत हात हलवायचा नाही," असे बँडच्या सरांनी माझ्या मुलीला पहिल्याच दिवशी बजावले होते. ती दहावीत असून बँडमध्ये मोठ्या झांजा वाजवते. चाचणीच्या गाण्यात एकशे एक्याण्णव मात्रा मनात मोजायच्या आणि पुढच्या मात्रेला एकच ठोका द्यायचा, एवढे तिचे काम. मी रोज सकाळी तासभर मौनाचा नेम पाळते. गप्प राहून ध्यान ठेवणे किती अवघड असते, ते मला ठाऊक आहे.

२. पहिल्या फेरीत तिचा ठोका अचूक पडला. गुण मिळाले पन्नासपैकी दोन. शेरा : 'प्रत्यक्ष वादन अत्यल्प.' कार्यालयात विचारणा केली असता लिपिक म्हणाले, "ताई, वाजवलं तेवढंच आम्ही धरतो. गप्प बसायला मार्क असते तर मी कधीच साहेब झालो असतो." सगळे हसले. मीही हसले, याची लाज वाटते.

३. लिपिकांनीच सुचवले, "पुढच्या फेरीत अधूनमधून वाजवायला सांगा पोरीला." सर तयार होईनात, मुलगी रडली. परंतु संगीतवर्गाच्या प्रवेशाची यादी या गुणांवरच लागणार, म्हणून मी म्हटले, "बाळा, एवढ्या वेळी ऐक माझं." सबब या प्रकरणी पहिली दोषी मी आहे.

४. दुसऱ्या फेरीत तिने तेवीस वेळा झांजा आपटल्या. गुण एकेचाळीस, शेरा : 'उल्लेखनीय प्रगती.' त्याच गाण्यात वृंदगानातील एक मुलगी हलक्या आवाजात एकटी चार ओळी गाते. त्या चारही ओळी झांजांखाली बुडाल्या. तिला गुण सहा, शेरा : 'आवाज ऐकू आला नाही.' शेरा खरा आहे. का ऐकू आला नाही, हे पहिल्या रांगेतल्या परीक्षकांना विचारावेसे वाटले नाही. यादीत आता माझी मुलगी आहे, ती नाही.

५. यादी शुक्रवारी कायम होणार आहे. गुण वाढवण्याचा नमुना कार्यालयात मिळतो, कमी करण्याचा नाही. "हातात आलेले मार्क कोण परत करतं, ताई?" असे लिपिकांचे म्हणणे पडले. म्हणून हा अर्ज साध्या कागदावर. माझ्या मुलीचे नाव कमी करावे आणि त्या मुलीला झांजांशिवाय एकदा ऐकावे. परीक्षकांना सवड नसल्यास आपण ऐकावे. चार ओळींना पुरते एक मिनिटही लागत नाही. माझ्या मुलीवर मेहरबानी नको. बारा दिवस तिने झांजांना हात लावलेला नाही आणि माझ्याशी कामापुरतेच बोलते.

६. त्या मुलीच्या आईला यातले काही ठाऊक नाही. त्या आपल्याच लेकीला बोल लावत आहेत. आज जाऊन त्यांना सारे सांगेन, असा शब्द मी माझ्या मुलीला दिला आहे. त्यामुळे अर्जाची पोच घेण्यासाठी थांबत नाही, ती उद्या नेईन. खिडकीवर कागद देऊन मी तशीच त्यांच्या घरी निघत आहे.

आपली नम्र,
(सही)
झांजवादक विद्यार्थिनीची आई
मंगळवार, सकाळी अकरा

सोबत : दोन्ही फेऱ्यांच्या गुणपत्रिका.